पूजलेल्या कार्डाला नंबर पाच

माझी नोकरी आणि माझी अब्रू आपांनी वाचवली. हे आधी सांगून टाकते, कारण आपांचा विषय निघाला की माणसं त्यांच्या तुसडेपणाचे किस्से ऐकून हसत बसतात आणि मुद्दा राहून जातो. काय झालं ते पुढे सांगतेच. आधी त्यांचं एक वाक्य ऐका.

"मधी बोलू नको."

परतूरला आमच्या गल्लीत हे वाक्य सगळ्यांनी खाल्लेलं होतं. आपा बोलत असताना समोरच्यानं नुसतं "हां" म्हटलं तरी त्या डोळे मिटायच्या, एक बोट वर करायच्या, हे वाक्य टाकायच्या आणि जे सांगत होत्या ते पहिल्या शब्दापासून परत सुरू करायच्या. गॅसची टाकी आणणाऱ्या माणसाला शब्दाशब्दाला "हो मॅडम" म्हणायची सवय. टाकी कुठून गळते हे सांगणारं आपांचं वाक्य त्या दिवशी संपलंच नाही. शेवटी तो टाकी बदलून पळाला. भंगारवाल्याचा भोंगा वाजला तर त्या खिडकीतून भोंग्याला गप्प करायच्या. कुकरच्या शिट्टीलाही त्यांनी सोडलं नव्हतं, हे मी स्वतः ऐकलंय.

लग्न का नाही केलं, असं गल्लीतल्या एका बाईनं हौसेनं विचारलं होतं. आपा म्हणाल्या, "नवरा म्हणजे घरातल्या घरात मधी बोलणारा. तो खर्चा मी कशाला करू?"

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नजर चुकवून तुम्ही त्याच्या दारावरून जात असाल. मीही जायची.

एके काळी आपा कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. अर्धं परतूर त्यांच्या हाताखालून गेलं असं म्हणतात; त्यातलं कोणी नंतर सलाम करायला आलेलं मी पाहिलं नाही. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि क्लास बंद पडला. पाटी तेवढी राहिली. पुढच्या खोलीत जुनी मशीनं ओढण्यांनी झाकून ठेवलेली, त्यांच्यामध्ये खुर्चीत आपा, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणं हा त्यांचा दिवसभराचा धंदा.

मी भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. शाळा आठवीत सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे या कापसाच्या मुलखात आले. नवरा जिनिंगमध्ये फिटर. तिथला वजनकाट्यावरचा माणूस सोडून गेला तेव्हा शेठनी मला बसवलं, कारण मी हिशोबाची पक्की आणि पगाराला स्वस्त. काम सोपं. कापसाची गाडी काट्यावर चढते, खिडकीबाहेरच्या डब्यात लाल आकडे पळतात आणि स्थिरावतात, तोच आकडा तारेतून माझ्या कॉम्प्युटरवर येतो, मी बटण दाबते, चिठ्ठी छापून निघते. कॉम्प्युटर आपांच्या क्लासाच्या काळातला, पिवळा पडलेला. वजनाचा प्रोग्रॅम ज्यानं बसवून दिला तो माणूस आता जगात नव्हता, म्हणून त्या मशीनला कोणी हात लावायचा नाही असा शेठचा हुकूम.

मला त्या मशीनची भीती वाटायची. खरं तर सगळ्याचीच वाटायची. माझ्या तोंडात आमच्याकडचं "जी" यायचं, "हो जी, नाही जी", त्याला इथले लोक हसायचे. मग मी कमीच बोलायला लागले. काट्यावर कमी बोलणारं माणूस बरं असतं अशी माझी समजूत. ती चुकीची निघाली. कमी बोलणारं माणूस चोर ठरवायला सोपं जातं.

दसऱ्यानंतर कापूस यायला लागला आणि मशीननं खोड काढली. गाडी काट्यावर चढतेय, बाहेर लाल आकडे वाढताहेत, आणि माझ्या पडद्यावरचा आकडा मध्येच थिजलेला. कधी व्हायचं, कधी नाही. गर्दीत माझ्या लक्षात यायचं नाही, बटण दाबलं जायचं, आणि चिठ्ठीवर गाडी पुरती चढायच्या आधीचं, कमी वजन उतरायचं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ते पकडलं. चिठ्ठी हातात धरून तो बाहेरच्या डब्यासमोर उभा राहिला. "बाई, भायेर एक आकडा अन् चिठ्ठीत एक. ह्यो काटा हाये का जादूचा खेळ?"

मागच्या ट्रॅक्टरवाल्यांनी खाली उड्या टाकल्या. "काटा मारून राह्यली ही." "परमुलखातली आणून बसवली ती कशाला मंग?"

"मशीन थांबते जी," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यावर ते हसले.

शेठनी सगळ्यांसमोर दोन्ही हात वर केले. "माझा काटा बराबर हाये. बसणाऱ्याचा हात कसा हाये ते आता बघावं लागंल." कमी वजनाचा फायदा कोणाच्या गोदामात पडत होता आणि त्यातलं मला काय मिळत होतं, हे कोणी विचारलं नाही. लोक गेल्यावर शेठनी मला बोलावून सांगितलं. मशीनमध्ये दोष सापडला तर ठीक. न सापडला तर येत्या बाजाराच्या दिवशी माझं नाव पोलिसात जाणार, आणि नवऱ्याचंही काम सुटणार.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. चोर म्हणून भंडाऱ्याला परत जायचं तर कोणत्या तोंडानं.

दोष शोधायला शेठचा पुतण्या आला. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काहीतरी करतो, काय ते घरात कोणालाच सांगता यायचं नाही, म्हणून मान मोठा. मेलेल्या उंदराकडे पाहावं तसं त्यानं लांबूनच मशीनकडे पाहिलं. "फेकून द्या हे, काका." नवा कॉम्प्युटर आणला, तर डब्याच्या तारेची ती नऊ काड्यांची पिन खोचायला त्यात जागाच नव्हती. मग त्यानं मध्ये दुसरी एक छोटी तार जोडली, तर वजनाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटली. तो मोबाईलवर बोलत बोलत बाहेर गेला आणि त्या बोलण्यातच पुण्याला पोचला. जाताना शेठना सांगून गेला, जुन्या मशीनला काही झालेलं नाही, बसणाऱ्याचाच प्रॉब्लेम आहे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं म्हणायच्या, याला शिक्षण लागत असावं.

दुसरं कुठलं दार माहीत नव्हतं, म्हणून मी आपांच्या दारात उभी राहिले.

"काय पाहिजे?"

"आपा, काट्याचं मशीन..."

"मी काट्याचं मशीन दिसून राह्यले का तुला? जा."

"नाही जी. मला चोर म्हणतात. पुतण्यासाहेब म्हणाले मशीन फेकून द्या, पण..."

"कोण म्हणालं फेकून द्या?" आपा उठल्याच. "फेकायची अक्कल कशी जल्दी येते रे यांना. दुरुस्तीची कधी येणार?" चपला सापडेपर्यंत त्या पुतण्याला, पुण्याला आणि पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांना झोडपत होत्या. दार ओढून घेताना माझ्याकडे वळल्या. "अन् हे जी-जी बंद कर. मशीन गरम झाल्यावर असा आवाज करतं."

तो बाजाराचाच दिवस होता. जिनिंगच्या गेटवर मुकादमानं विचारलं, "कोण पायजे आपा?"

"अक्कलवालं कोणी. आहे का?" म्हणून त्या सरळ काट्याच्या खोलीत.

मशीन समोर आल्यावर मात्र त्यांचा हात हळू झाला. त्याच्या पिवळ्या पाठीवरून त्यांनी तळवा फिरवला, मागची धूळ फुंकली. मग परत मूळ स्वभावावर आल्या. "उंदरानं तार खाल्ली असेल. तुम्ही लोक इथं बसून भेळ खाता अन् वरून मशीनला नावं ठेवता." पिशवीतली स्वतःची तार काढून त्यांनी डब्याला जोडली आणि माझ्या खुर्चीत बसल्या. दारात शेठ, मुकादम, तो म्हातारा शेतकरी आणि आणखी चारदोन जण दाटीनं उभे.

गाडी चढली. आपांची बोटं कीबोर्डवर. आकडा आला, स्थिरावला, चिठ्ठी निघाली. बरोबर. पुढची गाडी. बरोबर. आपांनी जुनी तार परत लावून पाहिली, की दोष तिचाच आहे हे सिद्ध व्हावं. तरीही बरोबर. मी मनात देवाला म्हणत होते, एकदा तरी बिघड. असं उलटं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

एकदाही बिघडलं नाही.

"बघा," शेठ म्हणाले. "आपांच्या हातात चालतंय."

आपांनी चष्मा काढून पदराला पुसला. त्यांना खोटं बोलता येत नसे. त्यांच्या तुसडेपणाचं निम्मं कारण तेच. "शेठ, मी दिसलं ते सांगते. तार ठीक. डबा ठीक. मशीन बिलकुल ठीक. आता राह्यलं काय, तर..."

"आपा, तुम्ही माऊसला हातच नाही लावला जी."

हे मी बोलले. आपांच्या वाक्याच्या मधोमध.

त्यांचे डोळे मिटले. बोट वर गेलं. आता वाक्य पहिल्या शब्दापासून सुरू होणार आणि त्याच्या शेवटी माझं नाव येणार, हे मला माहीत होतं. मी साडीचा काठ मुठीत धरून उभी राहिले. बोट वरच राहिलं. मग डोळे उघडले.

"काय म्हणाली?"

"मी बटण माऊसनं दाबते. तुम्ही कीबोर्डनं दाबलं."

माऊसला त्या अडाण्यांची काठी म्हणायच्या. क्लासात सगळे माऊस कपाटात कुलूपबंद असायचे असं गल्लीत सांगतात. स्वतः त्यांनी कधी त्याला बोट लावलं असेल तर ते पुसण्यापुरतं.

"बस," त्या म्हणाल्या आणि खुर्ची सोडली.

मी बसले. गाडी चढायला लागली. माझा हात थरथरत होता, आणि त्या थरथरीनं माऊसही हलत होता. पडद्यावरचा आकडा थिजला. बाहेर लाल आकडे वाढत होते. म्हातारा शेतकरी खिडकीतून बाहेरचा आकडा मोठ्यानं वाचायला लागला, आपा पडद्याला नाक लावून तिथला. दोघांचं काही केल्या जुळेना. "हात काढ," आपा म्हणाल्या. हात काढला, आणि थोड्या वेळानं आकडा पुढे सरकला. परत हलवला, परत थिजला.

"नालायक," आपा म्हणाल्या. मला वाटलं मला. "मी. इतका वेळ कीबोर्डावर बोटं नाचवून राह्यले, अन् दोष हिच्या हाताखाली बसलेला."

मग त्यांनी मशीन बंद करून त्याचं झाकण काढलं, आत वाकल्या, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. "हे कोणी पुजलं?"

सगळे आत डोकावले. आत उभी बसवलेली एक हिरवी पट्टी, तिला कार्ड म्हणतात; तिच्यावर हळदीचं बोट आणि कुंकवाचा टिळा.

मुकादम अभिमानानं पुढे झाला. खंडेनवमीला त्यानं सगळी हत्यारं पुजायला काढली होती. पाने, कोयते, तेलाची पिचकारी, आणि हे मशीनही. मशीन उघडून पुसलं. कपाट आवरताना हे जुनं कार्ड सापडलं, त्याच्यावरही हळदकुंकू वाहिलं. "पूजा झाल्यावर परत कपाटात कशी टाकायची आपा? लक्ष्मी हाये ती. मशीनमधी जागा रिकामी व्हती, दिली बसवून. माऊसची पिनबी तिलाच लावली. बराबर बसली."

माझ्या अब्रूची वाट लागली ती अशी, कुंकू लावून. आणि हे मला सांगावं असं त्या भल्या माणसाला एकदाही वाटलं नव्हतं. चोर चोर चाललं होतं तेव्हा तो तिथेच तंबाखू मळत उभा होता.

"शेठ, ऐका," आपा म्हणाल्या. "मशीनचं डोकं एकच. ते आपलं काम करत असतं. डब्याला वजन सांगायचं असलं की तो मधी बोलतो. माऊस हलला की तोही मधी बोलतो. मधी बोलायला प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. तुमच्या डब्याचा नंबर चार. अन् तुमच्या ह्या लक्ष्मीचाही नंबर चारच असणार. दोघं एकाच नंबरावर ओरडले की डोक्याला कळत न्हाई कोण ओरडलं. ते माऊसचं ऐकतं, वजनाचं राहून जातं." थांबून त्या म्हणाल्या, "कोणीतरी शहाण्यानंच हे कार्ड काढून कपाटात ठेवलं असेल. आता परत काढते, काम खतम."

त्यांनी हात घातला तसे शेठ एकदम पुढे आले. "न्हाई आपा. पूजलेलं काढायचं न्हाई. ऐन हंगामात तर न्हाईच. पुढच्या दसऱ्याला बघू."

आपांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. "चोर ठरवून बाई काढायला चालते, अन् कार्ड काढायला चालत न्हाई?"

शेठनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"राहू द्या," आपा म्हणाल्या. "पण मशीनमधी राह्यचं तर लक्ष्मीलाही वेगळा नंबर घ्यावा लागेल. पाच रिकामा आहे."

त्या कार्डावर सुईच्या टोकांसारख्या काड्यांच्या जोड्या असतात, आणि एका जोडीवर तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी. टोपी ज्या जोडीवर, तो त्या कार्डाचा नंबर. आकडे खसखशीएवढे. नंबर बदलण्यापुरतं कार्ड बाहेर काढायला शेठनी नाइलाजानं हो म्हटलं. आपांनी कार्ड चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, उजेडात खिडकीशी गेल्या, परत आल्या. मग माझ्याकडे न बघता ते माझ्या हातात दिलं.

"वाच."

तेव्हा मला कळलं, की येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणाऱ्या या बाईला येणारेजाणारे नीट दिसतच नव्हते. आवाजावरून ओळखून नावं ठेवायच्या.

"टोपी चारवर आहे," मी हळू सांगितलं. "पाचवर काही नाही."

"मंग काढ. पाचवर घाल."

"बारीक आहे, पडेल जी."

"पडली तर शोध. घाल."

मी घातली. कार्ड परत बसवलं. मशीन चालू केल्यावर आपांनी कीबोर्डनंच कुठेकुठे जाऊन नव्या नंबराची नोंद केली. पडद्यावरचं मी वाचून दाखवत होते, त्या बटणं दाबत होत्या. मग त्या म्हाताऱ्याची गाडी काट्यावर आली. मी जातं फिरवावं तसा माऊस गरगर फिरवला. आकडा बाहेरच्या आकड्याबरोबर चढत गेला, बरोबरच थांबला.

"चला, झालं," शेठ म्हणाले. "चहा सांगतो."

"झालं न्हाई. बाहेर चला." आपांनी शेठना आवारात नेलं, ट्रॅक्टरांच्या मध्ये. "हिला चोर म्हणालात ते ज्यांच्यासमोर, त्यांच्यासमोर बोला."

"समजलंय आपा सगळ्यांना."

"बोला. मी मधी बोलणार न्हाई."

आणि खरोखर त्या गप्प उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत हे कोणाला सांगून पटत नाही. शेठनी घसा खाकरला, टोपी सारखी केली, आणि म्हणाले की दोष मशीनचा होता, बाईचा नव्हता. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणावं लागलं, कारण मागच्या ट्रॅक्टरवरून कोणीतरी "ऐकू आलं न्हाई" म्हणालं.

म्हातारा शेतकरी खिडकीशी आला. माफी वगैरे त्याच्या तोंडात बसणारी नव्हती. "काढ बाई चिठ्ठी," तो म्हणाला. "अन् त्या उंदराला हलवत हलवत काढ." आधीच्या चुकलेल्या चिठ्ठ्यांचा वाद शेठ आणि शेतकऱ्यांमध्ये बरेच दिवस चालला. त्यात माझं नाव नव्हतं.

शेठनी चहा आणि जिलेबी मागवली. पाकात कंजूशी केली आहे असं सांगत आपांनी ती सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी दार लाव. धूळ येऊन राह्यली."

मग मी अधूनमधून जायला लागले. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, विजेचं बिल, जे बारीक असेल ते वाचून द्यायचं. "जोरात वाच. भीक मागून राह्यली का?" असं ऐकायचं. निघताना दर वेळी त्या विचारायच्या, "काट्यावर कोणी काही बोललं का?" नाही म्हटलं की मान हलवायच्या, जणू थोडी निराशाच झाली.

कापसाची शेवटची गर्दी चालू असताना हैदराबादहून त्यांचे भाऊ आले आणि डोळ्यांच्या इलाजासाठी त्यांना घेऊन गेले. दुपारच्या गाडीनं गेल्या. मी काट्यावर होते, मला कोणी सांगितलं नाही. घरी आले तर दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून आतली मशीनं दिसली, ओढण्या नीट खाली ओढलेल्या, आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

शेजारच्या शिंप्यानं सांगितलं, जाताना रिक्षात बसण्याआधी त्या म्हणाल्या, "ती भंडाऱ्यावाली आली तर सांग, मी मेले न्हाई." इलाज लागला की नाही, ते अजून कळलेलं नाही. भावाचा मोहल्ला शिंप्याला ठाऊक आहे, तो मी पाठ करून ठेवलाय. हैदराबाद मी पाहिलेलं नाही, एकटीनं तेवढा प्रवासही कधी केलेला नाही. तरी हंगाम उलगला, कापूस संपला की मी जाणार आहे. भर आवारात त्या माझ्यासाठी उभ्या राहिल्या; त्यांना जेव्हा आणि जिथे कोणी उभं राहायला लागेल, तिथे मी असेन. माहेरचे लोक विचारतात, परत कधी येणार. येईन. पण आपांचं हे देणं फेडल्याशिवाय मी भंडाऱ्याची गाडी धरणार नाही.